ड्राइव्ह शाफ्ट काढताना आतला सांधा बूटमध्येच सुटला, पुढे काय करू?

रानवाट:

नमस्कार मंडळी. गाडी अर्धी उघडून स्टँडवर उभी आहे, त्यामुळे घाईतच लिहितोय.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिन आडवं बसवलेलं. महिनाभरापासून स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवून हळू निघालं की डाव्या चाकातून कट-कट-कट असा आवाज येत होता. सरळ जाताना काही नाही. वाकून पाहिलं तर ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा) चाकाकडच्या सांध्यावरच्या बूटला, म्हणजे ग्रीस धरून ठेवणाऱ्या घडीदार रबरी टोपणाला, घडीत बोटभर चीर गेलेली, रिमच्या आतल्या अंगाला आणि लोअर आर्मवर ग्रीसचे काळे शिंतोडे. दुखणं स्पष्ट होतं, म्हणून शाफ्ट स्वतःच काढायला घेतला.

चाकाच्या मध्यावरच्या हब नटानेच दीड तास खाल्ला. आधी गाडी जॅकवर घेतली आणि मग नट सोडायला गेलो, तर पान्याबरोबर चाकच फिरायचं. शेवटी चाक पुन्हा जमिनीवर टेकवलं, एकाला ब्रेक दाबून बसवलं, पान्याला लांब पाइप लावला, तेव्हा नट कडकन सुटला. पुढे बॉल जॉइंट सोडला, नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बाहेर ओढला, शाफ्टचं टोक हबमधून निघालं. इथवर ठीक.

गिअरबॉक्सच्या बाजूने मात्र शाफ्ट जागचा हलेना. मी तो मधोमध दोन्ही हातांनी धरला आणि जोरात हिसका दिला. आत काहीतरी मऊ घसरल्यासारखं झालं, शाफ्ट चार बोटं बाहेर आला आणि आतला बूट ताणून बसला. वाटलं, निघाला. पण आतल्या सांध्याची लोखंडी वाटी अजून गिअरबॉक्सलाच धरून आहे. परत आत ढकलून पाहिलं तर काहीतरी आडवं येतंय. सांधा मोडला का? हे पुन्हा बसतं का, की आता पूर्ण शाफ्टच नवा घ्यायचा?

जुना पाना:

पहिली गोष्ट, ढकलणं आत्ताच्या आत्ता थांबवा. बहुतेक काही मोडलेलं नाही, पण न बघता जोर लावलात तर मोडेल.

आतला सांधा म्हणजे शाफ्टच्या टोकावर बसलेला तीन बोटांचा तारा. प्रत्येक बोटावर एक रोलर, आणि रोलर व बोट यांच्या मध्ये सुईएवढ्या बारीक बेअरिंगची रांग. हे तिन्ही रोलर वाटीतल्या तीन खोबणींत मागेपुढे सरकतात. चाक खड्ड्यात जातं, वर येतं, तेव्हा शाफ्टची लांबी थोडी कमीजास्त व्हावी लागते, ती इथे होते. म्हणजे हा सांधा मुळात सरकण्यासाठीच केलेला आहे, आणि बऱ्याच गाड्यांत त्याला बाहेर येऊ न देणारं बूटशिवाय दुसरं काहीच नसतं. तुम्ही ओढलात शाफ्टला, आणि वाटी तर गिअरबॉक्सच्या आत सर्क्लिपने (खाचेत बसणारं स्प्रिंगसारखं कडं) धरलेली. साहजिकच तारा वाटीतून निसटला. त्यातला एखादा रोलर बोटावरून उतरून आडवा पडला असेल, तोच आता अडतोय.

आतल्या बूटची मोठी पट्टी कापा. बूट शाफ्टवर मागे सरकवा आणि बॅटरीच्या उजेडात नीट बघा. खाली स्वच्छ फडकं पसरलेलं हवं. काही सांध्यांत सुया रोलरच्या आतच अडकवलेल्या असतात, काहींत नुसत्या ग्रीसच्या आधाराने उभ्या असतात. दुसरा प्रकार असेल तर एकही सुई हरवून चालणार नाही. रोलर ज्या बोटाचा त्याच बोटावर परत जायला हवा, कारण तो त्या बोटाबरोबर आणि त्या खोबणीबरोबर झिजून जुळलेला असतो. रंगाचा ठिपका द्या, तिन्ही बोटांना आणि वाटीलाही.

मग शाफ्ट बाजूला ठेवून वाटी वेगळी काढायची. वाटी आणि गिअरबॉक्सची कड यांच्या फटीत पहारीचं चपटं टोक घाला आणि एकच छोटा, तीक्ष्ण झटका द्या. हळूहळू रेटत राहिलात तर सर्क्लिप खाचेत दबत नाही, नुसता घाम निघतो. पहारीचं टोक ऑइल सीलच्या ओठाला लागू देऊ नका. वाटी निघाली की तिच्या मागोमाग गिअर ऑइल येणारच, तेव्हा आधी ऑइल काढून घ्या किंवा निदान खाली ट्रे ठेवा.

आणि एक विचारायचं राहिलं, गाडी स्टँडवरच आहे ना? शाफ्ट बाहेर असताना चाक जोडून गाडी जमिनीवर उतरवू नका, ढकलू तर मुळीच नका. पुष्कळ गाड्यांत हबच्या बेअरिंगचे दोन भाग शाफ्ट आणि त्याच्या नटानेच दाबून धरलेले असतात. तो दाब गेला आणि वर गाडीचं वजन आलं की बेअरिंग बिघडतं.

चाकआरा:

+१. त्यात माझी भर एवढीच की ब्रेकचा कॅलिपर सोडला असेल तर तो नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. एबीएसच्या सेन्सरची वायर ताणली जातेय का, तेही बघा. नकल बाहेर खेचताना ती पटकन तुटते.

दुसरं, एका बाजूचं काम चालू असताना "आलोच आहोत तर" म्हणून दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकदम निघाले की डिफरन्शियलमधले (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरांचा संच) बाजूचे गियर जागेवरून फिरतात आणि मग शाफ्टचं टोक आत शिरायला तोंडच मिळत नाही. दोन्ही काढायचेच असतील तर एका बाजूला त्याच मापाचा दांडा घालून ठेवावा लागतो.

रानवाट:

दोघांचेही आभार. जसं सांगितलंत तसंच निघालं.

पट्टी कापली, बूट मागे घेतला, तर एक रोलर बोटावरून उतरून ग्रीसमध्ये आडवा रुतलेला. सुदैवाने सुया त्याच्या आतच धरलेल्या होत्या, एकही सांडली नाही. खुणा करून घेतल्या. वाटीला पहारीने दोन झटके दिले तेव्हा ठक् करून बाहेर आली. मी दोन हातांनी ओढत होतो ती गोष्ट एवढ्याशा झटक्याने होते, हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. ऑइलचा अर्धा ट्रे भरला, थोडं अंगावरही आलं.

शाफ्ट आता समोर फडक्यावर ठेवलाय. आतला सांधा हाताला गुळगुळीत लागतो, ग्रीस काळंभोर पण स्वच्छ. बाहेरच्या सांध्याचं ग्रीस मात्र तपकिरी झालंय आणि बोटांत चोळलं की करकरतं. नुसता बूट बदलून, धुऊन, नवीन ग्रीस भरून भागेल का?

सहावा गियर:

माझं मत सरळ आहे, पूर्ण शाफ्ट बदला. दोन्ही सांधे, दोन्ही बूट, सगळं एकदम नवं आणि काम अर्ध्या वेळात. सांधा उघडून धुण्यात एक दिवस घालवायचा आणि महिन्याने तोच आवाज पुन्हा ऐकायचा, यात काय हशील?

जुना पाना:

सहावा गियर, घाईचं काम असेल तर तुमचं बरोबर आहे. पण गाडीबरोबर आलेल्या मूळ शाफ्टचं पोलाद आणि त्याचं उष्णता-संस्करण चांगलं असतं. बाजारात पूर्ण शाफ्ट म्हणून मिळतात त्यातले बरेच जुन्या शाफ्टचे सांधे घासून, मोठ्या मापाच्या गोळ्या घालून पुन्हा तयार केलेले असतात. ते सगळेच वाईट असं नाही, पण चांगला मूळ शाफ्ट टाकून देण्याआधी तो उघडून बघायला हवाच. शिवाय यांचा आतला सांधा ठणठणीत आहे.

रानवाट, बाहेरच्या सांध्यात एक वाटी, एक आतली रिंग आणि दोघांच्या मध्ये पिंजऱ्याच्या खिडक्यांत बसलेल्या सहा पोलादी गोळ्या असतात. तो असा उतरवा. शाफ्ट व्हाइसमध्ये धरा, जबड्यांना लाकडाच्या फळ्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावून. जुना बूट कापून टाका. सांध्याच्या आतली रिंग, म्हणजे ज्या भागातून शाफ्टचे दाते गेलेत तो भाग, दिसेल. पितळेचा ठोकणा त्या रिंगवर टेकवून हातोडीचा एक खणखणीत ठोका. आतली सर्क्लिप दबते आणि सांधा सुटून येतो. पिंजऱ्यावर किंवा बाहेरच्या वाटीच्या कडेवर ठोकू नका. काही सांध्यांत ठोकण्याआधी सर्क्लिप पक्कडीने उघडावी लागते, तीही खात्री करून घ्या.

उतरल्यावर रॉकेलमध्ये धुवा, वाळवा. आता वाटी, पिंजरा आणि आतली रिंग या तिघांवर एका रेषेत खूण करा. आतली रिंग एका बाजूला पूर्ण तिरकी केली की समोरच्या खिडकीतली गोळी वर येते, ती काढा. पुन्हा तिरकी करा, पुढची काढा. अशा सहाही गोळ्या. मग पिंजरा उभा फिरवला की त्याच्या मोठ्या खिडक्यांतून वाटीच्या कडा निघतात आणि तो रिंगेसकट बाहेर येतो.

आता नखाची परीक्षा. प्रत्येक खोबणीतून नख फिरवा. नुसती चकाकणारी रेघ दिसली पण नखाला लागली नाही, तर ती गोळी धावल्याची वाट आहे, काळजी नाही. नख कुठे अडकलं, खड्डा लागला किंवा पापुद्रा निघालेला दिसला, की तो सांधा संपला. पिंजऱ्याच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतही बघा, तिथे केसासारखी तडा जाते.

एक आधीच सांगून ठेवतो. तुम्हाला आवाज ऐकू येत होता. बूट फाटला आणि आवाज नाही, तेव्हा धुऊन ग्रीस भरलं तर सांधा वर्षानुवर्षं जातो. कट-कट सुरू झाली म्हणजे बहुतेक वेळा खड्डा पडून गेलेला असतो. नवं ग्रीस भरलं की थोडे दिवस आवाज दबतो आणि माणसाला वाटतं दुरुस्त झालं.

रानवाट:

तुमचंच खरं झालं.

सहा गोळ्यांपैकी पाच आरशासारख्या. सहावीवर एक मंद, पांढुरका डाग. तिची खोबणी पुसून उजेडात धरली तर मध्यापासून जरा बाहेरच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा, कडा खडबडीत, आणि त्याच्या तळाशी लोखंडाचा राखाडी, दाणेदार पोत उघडा पडलेला. नख त्यात सरळ उतरलं. बाकी खोबण्या शाबूत. एवढ्या एका खड्ड्याने पूर्ण चाकाचा आवाज होतो हे हातात घेतल्याशिवाय पटलं नसतं.

शाफ्ट ठेवतो, बाहेरचा सांधा नवा घालतो आणि दोन्ही बूट बदलतो. सरळ जाताना आवाज का येत नव्हता, हे मात्र कुणी सांगेल का?

चाकआरा:

सरळ जाताना सांधा जवळपास वाकलेला नसतो, गोळ्या खोबणीच्या एकाच जागी बसून फिरतात. स्टिअरिंग फिरवलं की सांधा वाकतो आणि प्रत्येक गोळी एका फेऱ्यात खोबणीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन परत येते. वाटेत खड्डा आला की उडी मारते. त्यात पूर्ण वळणावर निघताना जोरही जास्त पडतो, म्हणून तेव्हाच कट-कट. आणि वळणात बाहेरच्या बाजूच्या चाकावर भार येतो, त्यामुळे उजवीकडे वळताना डावं चाक बोललं.

याउलट सरळ रस्त्यावर वेग वाढवताना गाडी थरथरली आणि पाय काढला की थरथर थांबली, तर संशय आतल्या तीन रोलरच्या सांध्यावर घ्यायचा.

मृगजळ:

धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, पण शाफ्टचाच, म्हणून इथेच विचारते. आमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी, लांब प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा). गियर टाकून निघताना खट् असा आवाज यायचा, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा भाग) खेळ होता. भावाने आणि मी मिळून शाफ्ट उतरवला, दोन्ही क्रॉस नवे घातले. खट् गेलं. पण आता साधारण पन्नासच्या पुढे सीटखालून घरघर येते, आधी ती अजिबात नव्हती. क्लच दाबून गाडी नुसती सोडली तरी येते. नवे क्रॉस खराब निघाले असतील का?

जुना पाना:

ताई, क्रॉसला दोष देण्याआधी तीन गोष्टी सांगा. शाफ्ट उतरवताना डिफरन्शियलच्या फ्लँजवर (बोल्टने जोडायची चकती) आणि शाफ्टच्या फ्लँजवर मिळून खूण केली होती का? मधला सरकता जोड पूर्ण बाहेर काढला होता का? आणि नवे क्रॉस बसवल्यावर सांधा हाताने दोन्ही दिशांना फिरवून पाहिला तेव्हा कुठे घट्ट वाटला का?

मृगजळ:

फ्लँजवर खडूने खूण केली होती, ती जुळवूनच बसवला. सांधा सुरुवातीला एका बाजूने घट्ट होता, पण योकच्या (क्रॉस धरणारा दोन कानांचा भाग) कानावर हातोडीने दोन-तीन हलके ठोके दिल्यावर मोकळा झाला. सरकता जोड मात्र दाते साफ करून ग्रीस लावण्यासाठी पूर्ण काढला होता. त्याला खूण केली नव्हती. कसाही बसतो असं वाटलं होतं.

सहावा गियर:

मग दुखणं बहुतेक तिथेच आहे. क्रॉसचा सांधा वाकलेल्या अवस्थेत एकसारखा वेग पोचवत नाही. अलीकडचा दांडा अगदी समान वेगाने फिरत असला तरी पलीकडचा एका फेऱ्यात दोनदा मंदावतो आणि दोनदा पुढे धावतो. सांधा १० अंश वाकलेला असेल तर हा चढउतार दीड टक्क्याच्या आसपास. ३० अंशांवर तो ०.८६६ पटीपासून १.१५५ पटीपर्यंत जातो, म्हणजे दांडा अक्षरशः धक्के देत फिरतो.

म्हणून प्रोपेलर शाफ्टला दोन क्रॉस असतात. पहिला जो चढउतार निर्माण करतो, तोच दुसरा उलटा करून मिटवतो. त्यासाठी दोन्ही सांधे सारख्याच कोनात वाकलेले हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. शाफ्ट जमिनीवर आडवा ठेवला की एका टोकाचे कान आडवे तर दुसऱ्या टोकाचेही आडवेच दिसले पाहिजेत. सरकता जोड दोन-चार दाते इकडेतिकडे बसला की चढउतार पूर्ण मिटत नाही. नव्वद अंशांनी चुकला तर दोन्ही चढउतार एकमेकांत मिळतात. क्लच दाबूनही घरघर राहते कारण शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतो.

पुढच्या चाकांना हे क्रॉस चालत नाहीत त्याचं कारणही हेच. तिथे चाक वळताना सांध्याला चाळीस अंशांच्या आसपास वाकावं लागतं. अल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात सहा गोळ्यांचा सांधा काढला. त्यात गोळ्या कायम दोन्ही दांड्यांच्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, त्यामुळे वेग सारखा पोचतो. १९५९ च्या मिनीत तो मोठ्या संख्येने वापरला गेला आणि पुढे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत तोच रूढ झाला. रानवाट यांच्या फडक्यावर सुटे पडलेत ते हेच भाग.

जुना पाना:

छान समजावलंत. ताई, शाफ्ट पुन्हा उतरवाल तेव्हा सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवरची माती तारेच्या ब्रशने काढून बघा. बहुतेक शाफ्टवर कारखान्यातच दोन बाण किंवा दोन ठिपके ठोकलेले असतात, ते समोरासमोर यायला हवेत. शाफ्टच्या नळीवर वेल्ड केलेले लोखंडाचे छोटे चौकोनी तुकडे दिसतील, ते तोल साधण्यासाठी असतात, घासताना त्यांना धक्का लावू नका. त्यातला एखादा गळून पडलेला असेल, तिथे स्वच्छ चौकोनी डाग दिसेल, तर मात्र शाफ्ट बॅलन्सिंगला न्यावा लागेल.

क्रॉसबद्दलही लिहून ठेवतो, पुढे कुणाला लागेल. क्रॉसच्या टोकावरची बेअरिंगची टोपी दाबताना आतली एक सुई आडवी होऊन तळाशी पडते, हे फार वेळा होतं. तसं झालं की टोपी शेवटचे दोन-तीन मिलिमीटर आत जात नाही आणि सर्क्लिपला खाच दिसत नाही. तिथे जोर लावू नका, टोपी काढा, सुया ग्रीसमध्ये पुन्हा उभ्या करा. शाफ्ट उतरवल्यावर जुन्या टोप्यांवर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली तर त्या वाटेत गळत नाहीत.

रानवाट:

नवा सांधा आणि बूट आले. उद्या जोडणी. शाफ्टवर आधी काय चढवायचं, काय नंतर, एकदा सांगाल का?

जुना पाना:

आधी बूटची लहान पट्टी, मग बूट, मग मोठी पट्टी आणि शेवटी सांधा. हे वाचायला सोपं आहे, पण सांधा ठोकून बसवल्यावर बूट टेबलावरच राहिल्याचं मी अनेकांच्या हातून पाहिलंय. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे बूट चढवताना आतून कापला जात नाही.

ग्रीस बूटबरोबर आलेलंच वापरा, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं. बाहेरच्या आणि आतल्या सांध्यासाठी वेगवेगळी पाकिटं असतील तर अदलाबदल नको. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. पाकीट पूर्ण संपवायचं: निम्म्याहून जास्त सांध्यात, गोळ्यांच्या मागेपर्यंत दाबून, उरलेलं बूटमध्ये. नवी सर्क्लिप लावा, सांध्याच्या शाफ्टवर नट शेवटच्या आट्याशी सपाट येईल इतका फिरवा आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ठोका. नट असला की आटे वाचतात. बसल्यावर सांधा ओढून बघा, यायला नको.

पट्टी आवळण्याआधी बूटची लहान बाजू बोथट पेचकसाने किंचित उचला, आतली हवा सोडा, बूट नैसर्गिक लांबीला येऊ द्या, मग आवळा. हवा कोंडली तर बूट फुगतो, आत चेपून राहिला तर घडीवर घडी घासून तो पुन्हा त्याच जागी फाटतो. आतल्या बूटला हे जास्तच लागू, कारण तिथे सांधा सरकतो.

गिअरबॉक्सचं ऑइल सील बदलून टाका, आलाच आहात तर. सीलच्या ओठाला थोडं ऑइल लावा. वाटी आत घालताना शाफ्ट आडवा, सरळ धरा, दाते सीलला घासू देऊ नका. सर्क्लिप बसल्याचा टक् असा आवाज येतो. नंतर ओढून बघायचं ते वाटीला धरून, शाफ्टला धरून नाही.

हब नट नवाच. सोडताना चाक जमिनीवर टेकवून नट ढिला केला ते ठीक होतं, कसताना उलट करायचं. गाडीचं वजन चाकावर येण्याआधी, कुणालातरी ब्रेक दाबायला लावून, नट पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत टॉर्क रेंचने कसायचा. छोट्या गाडीतही तो पावणेदोनशे न्यूटन मीटरच्या पुढे असतो, काहींत तीनशेपर्यंत. अंदाज यावा म्हणून सांगतो, एक मीटर लांब पाइपच्या टोकाला वीस किलो वजन टांगलं की जवळजवळ दोनशे न्यूटन मीटर होतं. पण अंदाजावर कसू नका. शेवटी नटाची कड शाफ्टच्या खाचेत छिन्नीने दाबून बसवा, किंवा तुमच्याकडे खिळ असेल तर नवी खिळ घाला.

चाकआरा:

आणि गिअर ऑइल! वाटीबरोबर जेवढं सांडलं तेवढं परत भरायला विसरू नका. गाडी सपाट जागी उभी करून, भरण्याच्या बोल्टच्या तोंडाशी ऑइल येईपर्यंत. कित्येकांचा शाफ्ट उत्तम बसतो आणि गिअरबॉक्स कोरडा पडतो.

मृगजळ:

सापडलं. ब्रशने घासल्यावर सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर एकेक बाण निघाला, वर्षानुवर्षांच्या ग्रीसच्या थराखाली दडलेला. आमचे बाण तीन दात्यांनी चुकले होते. जोड बाहेर ओढला, बाणासमोर बाण आणून बसवला, खडूऐवजी या वेळी पांढऱ्या ऑइल पेंटने रेघ मारली. ऐंशीपर्यंत गाडी नेली, घरघर नाही. भावाने तर विश्वास बसावा म्हणून तोच रस्ता दोनदा गाडी चालवून पाहिला. तोल साधायचे तुकडेही सगळे जागेवर आहेत. तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार.

रानवाट:

उशिरा लिहितोय, पण मुद्दाम थांबलो होतो.

जोडणी एका दिवसात झाली. उतरलेला रोलर त्याच्या खुणेच्या बोटावर बसवला, तारा वाटीत घातला तेव्हा तो ग्रीसमधून सावकाश, अडखळल्याशिवाय आत सरकत गेला. बाहेरच्या बूटची मोठी पट्टी पहिल्यांदा तिरकी आवळली गेली. कापून दुसरी लावली. वाटी बसताना टक् आवाज स्पष्ट आला, तरी वाटीला धरून दोनदा ओढून खात्री केली. गिअर ऑइल पाऊण लिटर लागलं, म्हणजे बरंच गेलं होतं.

उजवीकडे पूर्ण स्टिअरिंग, डावीकडे पूर्ण, पुढे, मागे. पूर्ण शांतता. दोनशे किलोमीटर झाल्यावर आज सकाळी पुन्हा खाली शिरलो. दोन्ही बूट कोरडे, पट्ट्या जागच्या जागी, सीलखाली बोट फिरवलं तर ऑइलचा ओलावा नाही. नटाच्या खाचेवर रंगाची रेघ मारली होती, ती तुटलेली नाही.

तिथेच होतो म्हणून उजव्या बाजूचा बूटही पाहिला. फाटलेला नाही, पण घडी बोटांनी उघडली की तळाशी बारीक, कोरड्या भेगा दिसतात. त्याचा बूट मागवला आहे. या वेळी शाफ्टला हात न लावता पहार वाटीपाशी लावणार.

जुना पाना:

भेगा आहेत पण ग्रीस बाहेर नाही, म्हणजे वेळेत पकडलात. तो सांधा उघडून फक्त नखाने तपासा, मूळचाच परत बसेल. उजव्या बाजूचा शाफ्ट लांब असेल तर त्याला मध्ये एखादा आधाराचा बेअरिंगही असू शकतो, सोडण्याआधी त्याचे बोल्ट बघून घ्या. आणि उजवा काढताना डावा जागेवर असू द्या.